साडूभाऊंचं कुलूप

किल्ली खिशात होती आणि ती तिथेच राहू द्यायची, असं थोरल्या साडूनं पहिल्या मजल्याच्या कठड्याशी उभं राहून ठरवलं.

आधी तो खरंच विसरला होता. इस्पितळात लिफ्टमिस्त्रीची जागा एकच, आणि गाळून गाळून उमेदवार उरले ते दोघे साडू. साहेबांनी बंद लिफ्टमध्ये मुद्दाम तीन बिघाड करून ठेवले होते. अर्ध्या तासात ते शोधायचे आणि कागदावर लिहून द्यायचे. थोरल्यानं पंचवीस मिनिटांत तिन्ही धरले. त्या आनंदात त्यानं वर ऑफिसात साहेबांना कागद दिला, ते तो घेऊन पुढे खाली गेले, आणि मागून जिना उतरताना रुमालासाठी खिशात हात घातला, तर बोटांना किल्ली लागली. त्याचं कुलूप खाली मेन स्विचवर तसंच लटकत होतं.

लिफ्टच्या कामात एक नियम देवासारखा पाळतात. आत उतरण्याआधी मिस्त्री मेन स्विच बंद करतो, त्याला स्वतःचं कुलूप घालतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो. कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे. ते निघेपर्यंत दुसऱ्यानं काम सुरू करायचं नाही, आणि ते काढायचं तर नाहीच, मग साहेब का सांगेनात.

दहा-बारा पायऱ्या उतरून कुलूप काढायचं, एवढंच काम होतं. पण खाली धाकटा साडू कडक इस्त्रीच्या शर्टात, पिशवी सावरत स्विचपाशी पोचला होता, आणि थोरल्याच्या कानात सासूबाई बोलू लागल्या. "धाकट्या जावयांचं कसं सगळं वेळच्या वेळी. जरा बघा त्यांच्याकडे." सात वर्षं हेच. धाकट्यानं एक पंखा फिरता केला, तर त्याचं गावभर कौतुक. थोरल्यानं अख्ख्या घराची वायरिंग केली, तर "भिंतीला डाग पडले हो". काम-क्रोध निदान दार वाजवून येतात. मत्सराला दार लागत नाही. तो घरच्याच ताटात जेवून मोठा होतो.

धाकट्यानं कुलूप तोडलं, तर नियम मोडला म्हणून गेला. नाही तोडलं, तर वेळ संपला म्हणून गेला. आणि आपण तर काहीच केलं नाही. पाच महिने घरी बसलेल्या माणसाला एवढं बघायचा हक्क आहे, असं मनाला समजावून थोरला खांबाआड सरकला.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "कुलूप विसरला वाटतं. तोडा ते."

"नाही, साहेब."

"अहो, मघाशीच वर कागद देऊन गेलाय तो. वेळ तुमचा जातोय."

"जाऊ दे. साडूभाऊ कुलूप विसरणाऱ्यातले नाहीत. पाना-बिना राहिला असेल, तो घ्यायला परत उतरले असतील. परवाच मला म्हणाले, मुलाखतीत बाकी काही नाही आलं तरी चालेल, पण दुसऱ्याच्या कुलपाला हात लावू नका."

थोरला म्हणाला होता खरा. धाकटा घरी येऊन 'काय विचारतात हो मुलाखतीत' म्हणून खनपटीला बसला, तेव्हा त्याला एकदाचा वाटेला लावायला म्हणाला होता.

धाकटा जमिनीवर आडवा झाला. पांढऱ्या शर्टाला ग्रीस लागलं. लिफ्टच्या दाराच्या फटीतून त्यानं खालच्या खड्ड्यात बॅटरी मारली. "साडूभाऊ!"

खड्डा रिकामा होता. मग त्यानं तोंड वर केलं. लिफ्टची पेटी मध्येच अडकून उभी होती; तिच्या छतावर कुणी पडलेलं असेल तर खालून दिसणार नव्हतं. "साडूभाऊ, वर आहात का? ओ द्या हो."

"दहा मिनिटं गेली," साहेब म्हणाले.

धाकट्यानं ऐकलंच नाही. तो लिफ्टच्या जाळीला धरून हाका मारत राहिला. पहिल्यांदा नुसत्या हाका होत्या. मग आवाज चिरकला. "भाऊ, ओ द्या. काही लागलंय का? भाऊ!"

जाळीतून हाका वर येत होत्या, थेट थोरल्याच्या पायाशी. आपल्याला असं कुणी कधी हाकारलं होतं, ते त्याला आठवेना. तो जिना उतरला, कुणाकडे न बघता स्विचपाशी गेला आणि त्यानं कुलूप काढलं.

"विसरलात ना?" साहेब म्हणाले.

हो म्हटलं असतं, तर एखादा गुण गेला असता. तिन्ही उत्तरं बरोबर होती.

"आधी विसरलो," थोरला म्हणाला. "मग आठवलं. पण मुद्दाम आलो नाही. वरून बघत होतो."

साहेबांनी हातातला त्याचा कागद दुमडून खिशात टाकला. "निघा तुम्ही." मग धाकट्याकडे वळून म्हणाले, "तुमचा वेळ आता पहिल्यापासून."

थोरला मान खाली घालून निघाला. धाकट्यानं ग्रीसच्या हातानं त्याची बाही धरली. आता शिव्या देईल, असं थोरल्याला वाटलं. देऊ दे.

"सासूबाई मला उठता-बसता सांगतात," धाकटा हळूच म्हणाला. "जरा थोरल्या जावयांकडून शिका म्हणून. सात वर्षं ऐकतोय. आज सकाळी तुम्ही बाकावर दिसलात, आणि मनात आलं, हा माणूस नसताच तर किती बरं झालं असतं."

त्यानं बाही सोडली.

"म्हणून तर एवढ्या हाका मारल्या."