जिलेबीचं बाळंतपण

"इंजेक्शनचा काही उपयोग झाला नाही," प्राण्यांची डॉक्टर, व्हेट, म्हणाली. "आता सुईने अंड्यातलं पाणी काढून बघते. अंडं आक्रसलं तर ती बाहेर टाकेल. नाहीतर पोट उघडावं लागेल, आणि तेवढी ताकद तिच्यात राहिलेली नाही."

टेबलावर टॉवेलवर जिलेबी पडून होती. तनूने पाळलेली रॉयल पायथन जातीची अजगरीण, चार फूट लांब, तपकिरी अंगावर पिवळसर ठिपके. काल दुपारी तिने चार अंडी घातली होती. पाचवं शेपटीच्या जरा अलीकडे अडकलं होतं. तिथली कातडी इतकी ताणली होती की खवल्याखवल्यांमधून फटी दिसत होत्या.

शेजारच्या खोलीतून कुत्रं केकाटल्याचा आवाज आला. गाडीखाली आलेलं कुत्रं कुणीतरी आत्ताच आणलं होतं, आणि नर्स तिकडेच धावली होती.

"कुणीतरी धरायला हवं," व्हेट म्हणाली. "ही हलली तर सुई भलतीकडे जाईल."

तनू पुढे झाली. तिचे हात थरथरत होते. हात असे थरथरत होते म्हणूनच तिला गाडी चालवता आली नव्हती, आणि रविवारची सुट्टी असून तिच्या आईला, सुनीतीला, नॉटिंगहॅमच्या दुसऱ्या टोकाला यावं लागलं होतं. चार वर्षं साप घरात होता. चार वर्षांत सुनीतीने त्याला एकदाही हात लावला नव्हता. आत्ताही ती दाराशी उभी होती, कोट न काढता.

"आई, यू डू इट. प्लीज."

"मी? तनू, मी त्याला कशी—"

"त्याला नाही, आई, तिला! तू हॉस्पिटलमध्ये रोज हेच करते ना?"

व्हेटने वळून पाहिलं. "तुम्ही ऑब्स्टेट्रिशियन आहात?"

"माणसांची बाळंतपणं करते," सुनीती म्हणाली.

"मला शांत हात हवेत. बाकी मी सांगेन."

सुनीतीने कोट काढला, तनूकडे दिला. बेसिनवर हात धुतले, कोपरापर्यंत, सवयीने. मग टेबलाशी आली आणि श्वास रोखून तिने दोन्ही तळवे सापाच्या अंगावर टेकवले.

अंग बुळबुळीत असेल असं तिला वाटलं होतं. ते कोरडं होतं, आणि आत गच्च स्नायू.

"दाबू नका," व्हेट म्हणाली. "आत अंडं फुटलं तर संपलं. नुसतं धरा." तिने दिवा खाली ओढला, सुई उचलली. "आता."

"थांबा."

"काय झालं?"

सुनीतीने मान वर केली नाही. तिच्या डाव्या तळव्याखाली काहीतरी आवळत होतं. आवळत आवळत ते पुढे सरकलं, उजव्या तळव्याखाली आलं, अडकलेल्या अंड्यापाशी येऊन थांबलं. तिथे थरथरलं आणि विरून गेलं.

"कळ येऊन गेली तिला," ती म्हणाली. "कळ चालू असताना सुई नको. पुढची येऊन जाऊ दे, मी सांगते."

व्हेट सुई धरून थांबली. तनूने आईचा कोट छातीशी घट्ट धरला होता. बराच वेळ काहीच झालं नाही. जिलेबीचं डोकं टॉवेलवर निपचित होतं.

"आई, ती... ती गेली का?"

"गप्प बस जरा."

मग पुन्हा आवळलं. आधीपेक्षा क्षीण. सुनीतीचे ओठ हलत होते. "हं... येऊ दे... येऊ दे..." कळ ओसरली. "आता. लगेच."

सुई आत गेली. जिलेबीचं अंग एकदा ताठ झालं. सुनीतीचे हात जागचे हलले नाहीत. सिरिंजमध्ये दाट पिवळं पाणी चढू लागलं. फुगवटा हळूहळू खाली बसला. व्हेटने सुई काढली.

"आता तिचं तिलाच करावं लागेल."

सुनीती वाकली. दवाखान्यातल्या त्या उजेडात, सापाच्या डोक्याशी तोंड नेऊन ती मराठीत म्हणाली, "चल बाई, एवढंच. शेवटचं. लाव जोर."

कळ आली. विरली. आणखी एक आली. आणि सुरकुतलेलं, पिवळट अंडं टॉवेलवर सरकलं.

मग जिलेबीची काळसर जीभ बाहेर आली, हवेत लवलवली, आत गेली. तनू मटकन खाली बसली आणि रडू लागली.

घरून निघताना जिलेबी अंड्यांभोवतीचं वेटोळं सोडेना, म्हणून तनूने तिला चारही अंड्यांसकट डब्यात घालून आणलं होतं. व्हेटने पाचवं त्यांच्याजवळ ठेवलं आणि जिलेबीला आत सोडलं. काही वेळ ती तशीच पडून राहिली. मग हळूहळू सरकली, अंड्यांभोवती एक वेढा घातला, दुसरा घातला, आणि वर डोकं ठेवलं.

"यातून पिल्लं कधी येतील?" सुनीतीने विचारलं.

"येणार नाहीत, आई," तनू डोळे पुसत म्हणाली. "नर नव्हताच तिच्याबरोबर. रिकामी आहेत सगळी."

"मी काढून घेते," व्हेट म्हणाली. "त्यांच्यावर बसून राहिली तर खाणार नाही. आधीच अशक्त आहे." तिने हातमोजे चढवले आणि डब्याकडे हात नेला.

सुनीतीने डब्याच्या कडेवर हात ठेवला.

"थोडा वेळ राहू द्या तिच्यापाशी."

"अहो, तिला काही कळत नाही."

"आमच्या हॉस्पिटलमध्ये बाळ मेलेलं जन्मलं, तर बाईला सगळं कळत असतं," सुनीती म्हणाली. "तरी आम्ही देतो थोडा वेळ, बाळापाशी."

तनूने मान वर करून आईकडे पाहिलं. व्हेटने हात मागे घेतला आणि टेबलावरचा दिवा बंद केला.