गुडघा

बाबांना आता कुणीच ओळखू येत नाही, मीसुद्धा नाही. दर रविवारी मात्र मी त्यांना, त्यांनीच तरुणपणी बांधलेल्या एकोणीसशे बत्तीस सालच्या गाडीत बसवून बेकर्सफील्ड गावाबाहेर न्यायचो. गाडीनं चाळीस मैलांचा वेग गाठला, की पुढची चाकं थरथरायला लागायची, स्टिअरिंग हातात नाचायचं आणि बाबा एकदम ओरडायचे, "डेल्मर, स्टिअरिंगला खालून गुडघा लाव, गुडघा! अजून शिकला नाहीस, गाढवा?"

आठवड्यातून तेवढाच क्षण मी त्यांचा मुलगा असायचो.

"म्हाताऱ्याची हाडं खिळखिळी करतोयस," माझा मित्र वेंडेल म्हणाला. "पुढची दोन्ही चाकं जोडणारा तो जुनाट दांडा फेकून दे आधी, म्हणजे थरथर थांबेल."

मलाही पटलं. अख्खा हिवाळा खपून आम्ही पुढचा अखंड दांडा कापून काढला, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या नव्या स्प्रिंगा बसवल्या, गाडीचं नाक चार बोटं खाली आणलं. दांड्याचे तुकडे भंगारात गेले.

काल बाबांना शेजारी बसवून निघालो. चाळीस झाले, पन्नास झाले, साठ झाले. स्टिअरिंग एका बोटावर फिरत होतं, बाबांच्या हातातली कॉफीसुद्धा हिंदकळली नाही. मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होतो.

ते माझ्याकडे वळले आणि अदबीनं हसले.

 

"फार छान चालवता हो तुम्ही. आमच्या डेल्मरला शिकवाल का? त्याला अजून गुडघा लावता येत नाही."