सगळ्यात लवकर निघणारं बी

मोठ्या सुनेला बागेतलं ओ की ठो कळत नाही, हे सासूबाईंचं ठाम मत होतं. "वाफ्यात गाजरं पेरून ती निघेपर्यंत मी इथून हलत नाही," त्यांनी जाहीर केलं. "तुझ्या भरवशावर सोडलं तर गवत खायची पाळी येईल." गेल्या वर्षी धाकटीकडेही त्या अशाच गाजरं निघेपर्यंत तळ ठोकून होत्या.

पावसाळा सरत आला होता. बियांच्या दुकानात सासूबाईंनी लांब, गोड, पण सावकाश येणाऱ्या गाजराचं पाकीट उचललं. सुनेने ते हळूच जागेवर ठेवलं आणि दुकानदाराला विचारलं, "याहून लवकर निघणारं काही नाही का?"

"आहे, पण गाजरं बोटाएवढीच येतात आणि चवही बेताचीच."

"चालेल. तेच द्या."

सासूबाईंनी नाक मुरडलं. "बघा, हिला चवीशी काही देणंघेणं आहे का? आमची धाकटी असती तर असलं बी हातातसुद्धा धरलं नसतं!"

दुकानदार पाकीट पिशवीत टाकता टाकता थांबला.



"असं कसं, काकू? गेल्या वर्षी धाकट्या वहिनी हेच तर घेऊन गेल्या. वर विचारत होत्या, याहूनही लवकर निघणारं काही नाही का?"