दहा खरी वाक्यं

फळ्यावर 'आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू' लिहून मी अट घातली: दहा वाक्यं घरून करून आणा, स्वतःच्या आयुष्यातली आणि खरी. पुस्तकातून उतरवलेली मी तपासत नाही.

हौसाक्का कॅनडातल्या मुलाकडे कायमच्या राहायला जाणार, म्हणून बासष्टाव्या वर्षी माझ्या वर्गात आलेल्या. सोमवारी त्यांनी वही पुढे केली. नातवाला न्हाऊ घालायची वाट बघतेय. सुनेला धपाटे शिकवायची वाट बघतेय. बर्फ हातात घ्यायची वाट बघतेय. सगळं इंग्रजीत, एकही चूक नाही. मी खाली 'उत्तम' लिहिलं.

"कधी निघणार, अक्का?"

"न्हाई निघत. काल पोराचा फोन आला. तिकडं तुझं जमायचं न्हाई म्हणाला. इकडं म्हशी इकून बसलेय मी."

माझ्या तोंडातून मास्तरकीच निघाली. "मग ही वाक्यं खोटी झाली की."

"शनवारी लिवली, सर. तवा दहाच्या दहा खरी हुती."

पान उलटून त्यांनी समासात पुढच्या गृहपाठाचे एक ते दहा आकडे घातले आणि पेनाला टोपण लावलं.