कोणाचा पदर

अठराचा आकडा काढलेला केक. एक नवी कोरी बादली. सताड उघडं दार. बोंब मारणारी घरमालकीण.

केक आणि बादली बालगृहाची. पोरगी सज्ञान झाली म्हणून टाळ्या वाजवून तिची बोळवण केली होती. दार तिच्या भाड्याच्या खोलीचं. जन्मभर तीस मुलींच्या घोरण्यात झोपलेली ती. बंद खोलीत एकटीचा डोळा लागेना, म्हणून दार उघडं टाकायची. शेवटी ती बालगृहाच्या समुपदेशक बाईंसमोर येऊन बसली.

“बाई, आठवड्यातून एक रात्र इथे निजू द्या. कोपऱ्यात पडेन. परवा गच्चीच्या कठड्याशी उभी राहून खाली बघत होते. किती वेळ, माझं मलाच कळलं नाही.”

“अगं वेडे, असे विचार मनात आणायचेच नाहीत!” बाई मायेने म्हणाल्या. “दीर्घ श्वास घे बघू.”

तिने घेतला.

“वाटलं ना बरं? आणि हे बघ, अठरानंतर नियमात बसत नाही. किती दिवस पदर धरून चालणार?”

“कोणाचा, बाई?”

“बोलायची पद्धत असते गं ती. आता आपल्या पायांवर उभं राहायचं.” बाईंनी तिची पाठ थोपटली, ती थेट फाटकापर्यंत.

त्या सकाळी बाईंना कामावर यायला उशीर झाला होता. त्यांच्या एकोणतीस वर्षांच्या मुलाला हाका मारमारून उठवावं लागलं, आणि मग त्याचे मोजे सापडेनात.