लंबूची पेशी

देणाऱ्यालाच घेणाऱ्याचा लोभ सुटला, तर त्या दानाला काय म्हणावे, याचा निवाडा सोपा नाही. मास्तरांच्या मनात तो प्रश्न कधी उभा राहिलाच नसेल, असे नाही. परंतु त्या सकाळी त्यांनी खडू लंबूच्या हाती दिला होता आणि ते स्वतः भिंतीला टेकून उभे होते.

प्रत्येक विद्यार्थ्याने एक पाठ स्वतः शिकवायचा, हा मास्तरांचा नेम. गोट्याने हृदय शिकवले होते, चष्मेवाल्याने मूत्रपिंड. आज लंबूची पाळी होती आणि त्याच्या वाट्याला पेशी आली होती.

लंबूने फळ्यावर एक चौकोन काढला, त्याच्या आत दुसरा. "ही बाहेरची पेशीभित्तिका. आतलं पेशीपटल."

"लंब्या, तुझ्या पेशीला पोट सुटलंय बघ," गोट्या मागून म्हणाला.

"भित्तिका कोणाला असते?" मास्तरांनी विचारले.

"वनस्पतींना. माणसाच्या पेशीला नसते, मास्तर. तिला नुसतं पटल."

"ऐका! आपल्याला म्हणे भिंतच नाही!"

गोट्याच्या या बोलण्यावर सारा वर्ग खो खो हसला. विनोदाच्या मानाने हसू अंमळ अधिकच झाले. मास्तर हसले नाहीत.

"पटलाचं काम सांग."

"काय आत घ्यायचं नि काय बाहेर सोडायचं, ते तेच ठरवतं. आपल्या दारावरच्या शिपायासारखं."

"शिपायापेक्षा शहाणं असतं ते," मास्तर म्हणाले.

वर्ग अधीक्षकांच्या मेहेरबानीवर चालला होता. "यंदा एक जण तरी दहावी पास करून दाखवा, मास्तर," त्यांनी स्पष्टच बजावले होते, "नाहीतर ही खोली मी सामान ठेवायला देतो." पास होण्याजोगा होता एकटा लंबू. बाकीचे वेळ जावा म्हणून बसत. मास्तरांचे राहणे त्याच आवारात. विद्यार्थी येत, काही काळ राहत, निघून जात, मास्तर तेथेच. एवढा वर्ग काढून घेतला, तर सकाळी उठून करायला त्यांच्यापाशी काहीच उरले नसते.

आणि लंबूचे चित्त घराकडे. भेटीच्या दिवशी आई येऊन गेली, की पुढे कितीतरी वेळ तो पुस्तकाला हात लावत नसे.

"आधी परीक्षा की आधी घर, मास्तर?"

"परीक्षा. घर काय कुठे पळून जातंय?"

"घर राहील हो. आई राहील का?"

यावर मास्तर पान उलटीत आणि पुढचा धडा वाचायला लावीत.

लंबू रिक्तिका काढत होता, तेवढ्यात दारात शिपाई आला. नवा होता, चेहरे अजून त्याच्या ओळखीचे झाले नव्हते. त्याने आत डोकावून विचारले, "मास्तर, त्या लंबूची आज पेशी ना? झाली का?"

फळ्यावर केंद्रकाचा अजून पत्ता नव्हता. मास्तरांनी फळ्याकडे पाहिले, मग लंबूच्या पाठीकडे.

"झाली," ते म्हणाले. "मघाशीच."

"बरं झालं. माझा हेलपाटा वाचला," म्हणत शिपाई निघून गेला.

लंबू वळून हसला. "झाली काय, मास्तर? अजून केंद्रकसुद्धा काढलं नाही मी!"

"त्याला केंद्रकातलं काय कळतंय? तू काढ."

त्या दिवशी मास्तर शिकवण्यात असे रंगले, की दुपारची घंटा झाली तरी त्यांनी लंबूला फळ्यापासून हलू दिले नाही. आकृती पुसायला लावली, पुन्हा काढायला लावली. गोट्या जांभया देऊन थकला.

यथाकाल परीक्षा झाली, निकाल लागला. लंबू पास झाला; विज्ञानात तर त्याने कमालच केली. अधीक्षक स्वतः वर्गात आले, त्यांनी मास्तरांची पाठ थोपटली आणि नवा फळा द्यायचे कबूल केले. लंबूने मास्तरांचे दोन्ही हात धरले. "हे तुमच्यामुळे, मास्तर. दुसऱ्या कुणी मला एवढं धरून ठेवलं नसतं."

मास्तरांनी हळूच हात सोडवून घेतले.

मधे आजारपणामुळे आईला येता आले नव्हते; ती पुढल्या भेटीला आली. लंबूने निकालाचा कागद गजांना टेकवून धरला. तिने तो पाहिलाही नाही. "तुझी पेशी अचानक लागली, तुला कळवताही आलं नाही; पण त्या दिवशी कोर्टात का नाही आणलं रे तुला? तुझं नाव पुकारून पुकारून पट्टेवाला थकला. साहेब जामीन द्यायलाच बसले होते. तुरुंगाची गाडी आली, तिच्यात तू नाहीस. शिपायाला विचारलं, तर म्हणतो, मास्तर म्हणाले पेशी झाली. आता पुढली तारीख कुणी सांगेना." लंबूने वर्गाच्या दिशेने पाहिले. त्या माउलीला पुढल्या तारखेइतके आयुष्य लाभो. तिच्या लेकाला विद्येचा वीट न येवो. आणि पेशीचे दोन्ही अर्थ ज्यांना पुरते ठाऊक होते, त्या जन्मठेपेच्या मास्तरांनाही कधीतरी शांत झोप लागो.