आडनावाचं दुसरं घर

आमच्या आडनावाचं दुसरं घर जगात नाही, असं बाबा छातीठोकपणे सांगायचे. म्हणून ते गेल्यावर आठवड्याभरात तेच आडनाव सांगत एक ट्रकड्रायव्हर दारात उभा राहिला, तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हणजे बाबांनी बाहेर दुसरा संसार थाटला होता. आणि मी मूर्ख, स्वतःला एकुलता एक समजत होतो.

"घरात वाटा मागायला आलास ना?" मी त्याला उंबऱ्यावरच अडवलं. "खरं सांग, तुझी आई कोण?"

"ते कुणालाच माहीत नाही," तो म्हणाला. "साहेब अनाथाश्रमात कारकून होते. टाकून दिलेल्या पोरांचा आडनावाचा रकाना कोरा ठेवायचा नाही, असा नियम होता. साहेब आपलंच लिहायचे. एकतीस जण आहोत आम्ही. वाटाबिटा नको, फोटोसमोर दोन मिनिटं उभं राहू द्या."

माझा संशय काही जाईना. "मग इतक्या वर्षांत एकही जण इकडे कसा फिरकला नाही?"

"साहेबांनीच बजावलं होतं." त्याने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्यातल्या एकाला ते घरी घेऊन आले होते. त्याला कळू द्यायचं नव्हतं. तो आत आहे का?"